आप्पांची खरखर

भास्करआप्पा दारावरून जाणाऱ्याला नमस्कार करत नाहीत, पॉलिथिनची पिशवी पुढे करतात. किराणावाला जिरं बांधून देतो तसली, पातळ.

"घाल हात," म्हणतात.

माणूस हात घालतो.

"आते डोया मीच."

माणूस डोळे मिटतो. मग आप्पा त्याचं मनगट धरतात आणि पिशवीतला हात आपल्या पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवरून हळूहळू फिरवतात, वैद्याला नाडी दाखवावी तसे.

"लागनं का?"

"काय, आप्पा?"

"खरखर!"

उघड्या बोटांना जे कळत नाही ते पिशवीतून कळतं, हा आप्पांचा शोध, आणि तो खरा आहे. पण शहाद्यात कुठल्या गाडीवर धूळ नसते? "धूळ शे, आप्पा," म्हणून लोक सुटका करून घेतात. "तीनदा धुई टाकी!" आप्पा मागून ओरडतात. दूधवाला आता पलीकडच्या कडेने सायकल काढतो.

आप्पा एसटीत होते. आधी ड्रायव्हर, मग स्टँडवर कंट्रोलर. कर्ण्यावरून गाड्या पुकारण्यात त्यांची शेवटची वर्षं गेली, आणि तो कर्णा त्यांच्या गळ्यातच राहिला. घरात बोलायला अहिराणी, पुकारायला पुस्तकी मराठी. मला दुकानातून यायला उशीर झाला की ओट्यावरून आवाज येतो, "बाजारातून येणारी गाडी आपल्या नियोजित वेळेपेक्षा उशिराने धावत आहे!" आत माझ्या बायकोला चहा कधी टाकायचा ते कळतं. गल्लीतली वीज गेली की, "प्रवाशांनी सहकार्य करावे." एकदा शेजारच्यांच्या सुनेचं माहेरी जाणं लांबलं, तर आप्पांनी ती गाडी "अपरिहार्य कारणास्तव रद्द" केली. सासूने दोन दिवस त्यांच्याकडे पाहिलं नाही.

मी त्यांच्या समोर राहतो. माझं बी-बियाणं आणि औषधांचं दुकान आहे. मी कमी बोलतो. लोक याला स्वभाव म्हणतात. मी आजवर त्यांना तसं म्हणू दिलं.

आता सांगतो. ती खरखर माझी आहे.

दसऱ्याआधी मी घराचं लोखंडी गेट रंगवायला काढलं. ब्रशने दोन दिवस कोण घालवणार, म्हणून ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून कॉम्प्रेसर आणि रंग फवारायची गन आणली. पांढरा ऑइलपेंट. दुपारची वेळ, आप्पा झोपलेले, त्यांच्या गाडीचं कव्हर धुऊन तारेवर वाळत घातलेलं. गेट मात्र झकास झालं.

रोज दुकानात मी शेतकऱ्यांना बजावतो, वारा बघून फवारा, शेजारच्या वावरात औषध जायला नको. कपाशीवाल्यांना सांगतो, केळीवाल्यांना सांगतो. आणि स्वतः गन हातात घेतल्यावर वारा कुठून कुठे वाहतो हे बघितलंच नाही. बघितलं तेव्हा तारेवरचं कव्हर आप्पांच्या गाडीच्या दिशेने फुगलेलं होतं. पांढऱ्या गाडीवर पांढरा रंग. जवळ जाऊन पाहिलं, काही दिसेना. दिसत नाही म्हणजे नाहीच, असं मी ठरवलं आणि कॉम्प्रेसर परत देऊन आलो.

दुसऱ्या दिवशी आप्पांची चौकशी सुरू झाली. पहिला संशय कारखान्याच्या चिमणीच्या राखेवर. मग कडुनिंबावरच्या पाखरांवर. मग केळीच्या ट्रकांवर. शेवटी ते माझ्या गेटपाशी येऊन उभे राहिले.

"भाऊ, तुन्हा गेटना रंग ते नहीं उडना ना?"

"छे! मी ब्रशने दिला, आप्पा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. "तू कमी बोलस, पन खोटं बोलस नहीं." आणि ते पुन्हा कडुनिंबाकडे वळले.

एखाद्याने शिवी दिली तर माणूस विसरतो. हे मला विसरता येईना. सकाळी गेट उघडताना तो पांढरा रंग डोळ्यांत खुपे.

गल्लीत उपायांचा पाऊस पडला. कोणी रॉकेल सुचवलं, कोणी थिनर. थिनरचं ऐकून मात्र मी घाबरलो, कारण थिनरने माझ्या रंगाबरोबर गाडीचाही गेला असता. "थिनर नको, आप्पा," मी म्हणालो. बास, एवढंच. त्यापुढचं वाक्य तोंडात आलं होतं, ते गिळलं.

दिवाळीला आप्पांची मुलगी सुनंदाताई सुरतहून आली. तिची आई, कमलकाकू, गेल्यापासून आप्पा एकटे आहेत, म्हणून ती अधूनमधून येते. आली तेव्हा वडील पिशवीत हात घालून, डोळे मिटून, गाडी चाचपत उभे.

"घाल हात, बेटा," आप्पा म्हणाले.

तिने हात घातला नाही. पदर तोंडाला लावून ती आत गेली.

दोन दिवसांनी ती आमच्याकडे आली. डोक्याच्या डॉक्टरांची वेळ सुरतेला घेतली होती. गाडी विकायची, घराला कुलूप लावायचं, आप्पांना फ्लॅटवर न्यायचं. गिऱ्हाईक संध्याकाळीच गाडी बघायला येणार होतं.

"दादा, तुम्ही रोज बघता. त्यांना वहमच झालाय ना? तुम्ही समजावलं तर ऐकतील. तुमच्यावर त्यांचा विश्वास आहे."

मी चपला घातल्या. समोर जाऊन आप्पांच्या हातातली पिशवी घेतली आणि ताईपुढे धरली.

"हात घाला, ताई. खरखर आहे. ती माझी आहे."

मग सगळं सांगितलं. गन, वारा, ब्रशचं खोटं. एवढं सलग मी लग्नानंतर बोललो नव्हतो. माझी बायको गेटपाशी येऊन उभी राहिली.

मला वाटलं, आप्पा आता कर्ण्याच्या आवाजात मला गल्लीभर पुकारणार. ते पायरीवर बसले.

"म्हंजे शे ना?" ते हळूच म्हणाले. "मन्हा हात खोटा नहीं ना?"

"नाही, आप्पा."

ताईने पिशवीतला हात बॉनेटवर ठेवला, थोडा फिरवला. "पण आप्पा, दिसत तर काहीच नाही. मग एवढं कशाला जिवाला लावून घ्यायचं?"

"तुन्ही मायले तरी कोठे दिसे?"

शुगरने काकूंचे डोळे गेले ते आम्हाला माहीत होतं. ही गाडी त्यानंतर आलेली. काकूंनी ती कधी पाहिली नाही. रोज संध्याकाळी आप्पा ओट्याखाली गाडी लावत आणि पुकारत, "शहादा-प्रकाशा गाडी फलाटावर लागली आहे." मला वाटायचं, ही त्यांची गंमत. तापीकाठच्या प्रकाशा गावी जायला काकू पायऱ्या उतरत, बॉनेटवर हात ठेवत आणि गाडीच्या कडेकडेने हात फिरवत जात.

"हात फिरावत फिरावत गयी, का दारनी दांडी हातमा ये," आप्पा म्हणाले. "मंग दार उघडी बसी जाये. कोन्ही धरेल तिले चाले नहीं. म्हने, रस्ता गुळगुळीत शे मन्हा."

पिशवी ताईच्या हातातच होती. संध्याकाळच्या गिऱ्हाइकाला तिने फोन करून नको सांगितलं.

माझ्याशी आप्पा त्या दिवशी बोलले नाहीत. सकाळी मात्र गल्ली दणाणली, "गेट रंगवणाऱ्या प्रवाशाने त्वरित फलाटावर यावे!"

गेलो. गाड्या पॉलिश करणाऱ्यांकडे यासाठी एक चिकणी माती मिळते, मळलेल्या कणकेसारखी, निळी. ताईने ती रात्रीच्या गाडीने सुरतहून मागवली होती. पत्रा साबणाच्या पाण्याने भिजवायचा आणि तो गोळा अलगद सरकवायचा. कोरड्यावर घासला की ओरखडा. खाली पडला की फेकून द्यायचा, कारण मातीत खडा. आप्पा शेजारी खुर्ची टाकून बसत.

"दाबू नको, भाऊ. लाडू वळस का?"

निळा गोळा हळूहळू पांढरट होई. माझं खोटं त्यात उतरताना दिसे. गोळा मळून नवी बाजू काढायची, पुन्हा पाणी, पुन्हा फिरवायचा.

शेवटचं दार झालं तेव्हा आप्पा उठले. पिशवी घेतली नाही. बॉनेटवर उघडा हात ठेवला, डोळे मिटले आणि डाव्या कडेने चालू लागले. कुठे अडले नाहीत. हात आपोआप दांडीवर येऊन थांबला. त्यांनी दार उघडलं, थोडा वेळ तसंच धरून ठेवलं, मग हलकेच लावलं.

"चाल, प्रकाशाले जाई येऊत," ते म्हणाले.

मी त्याच दाराकडे वळलो.

"मांगे बस, भाऊ," आप्पा म्हणाले. "पुढली सीट रिझर्व्ह शे."