दोंचोचा शेवटचा प्रवास

"पन्नास?" हरालांपीकाका छाती ठोकून म्हणाले. "अहो, पन्नास माणसं आमच्या इमारतीच्या एका जिन्यातच निघतील! शंभर आणतो, शंभर!"

समोर बसलेल्या कालिनानं वहीत 'शंभर' लिहिलं आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. पोरगी हुशार होती. ती कार्टूनची निर्माती, आणि काकांचं जुनं गाढव पुन्हा टीव्हीवर आणायचा चंग तिनं बांधला होता.

या गाढवाचं नाव दोंचो. त्याला काढायचे काकाच, आणि आवाजही काकांचाच. एके काळी संध्याकाळी आठला दोंचो लागला की सगळ्या बल्गेरियातली पोरं मुकाट जेवायची. मग सरकार बदललं, स्टुडिओला कुलूप लागलं, आणि दोंचो जो पुलासमोर एक पाय उचलून उभा राहिला तो पस्तीस वर्षं तसाच! बिचाऱ्याला ना पुढे जाता येई, ना पाय खाली टेकता येई.

आता टीव्हीवाले शेवटचा हंगाम करायला तयार झाले होते. सहा भाग, म्हणजे दोंचोला पूल ओलांडायला भरपूर वेळ. फक्त त्यांच्या ओग्न्यानसाहेबांची एक अट होती. हे गाढव कुणाच्या लक्षात तरी आहे का, ते त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. शनिवारी पाच वाजता वस्तीच्या वाचनगृहाच्या हॉलमध्ये पन्नास माणसं जमली तर हंगाम होणार, नाहीतर जय राम जी की.

काकांसाठी हा हंगाम म्हणजे जीव की प्राण. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि सोफियातल्या त्या आठ मजली इमारतीत त्यांच्याशी बोलायला कुणी नव्हतं. नाही म्हणायला दोंचो होता. काका विचारायचे, "आज सूप करायचं का?" आणि काकाच दोंचोच्या आवाजात उत्तर द्यायचे, "परवाचं उरलंय की रे!" आता शंभर माणसांची थाप तर मारून झाली होती, आणि जिन्यातल्या चार जणांचीही नावं त्यांना धड माहीत नव्हती.

पण काका कलाकार. डोकं चाललं! लोक वर्तमानपत्र वाचत नाहीत, जाहिराती तर बघतसुद्धा नाहीत, मग वाचतात काय? इमारतीच्या दारावर चिकटवलेले निधनाचे कागद! कितीही घाई असो, माणूस तिथे थांबणार, चष्मा लावणार आणि कोण गेलं ते बघणार म्हणजे बघणार. तेव्हा आपला कागद तिथेच लावायचा.

काकांनी तसाच एक कागद घेतला. वर स्टुडिओच्या ओळखपत्रावरचा आपला काळापांढरा फोटो लावला, कारण दुसरा नव्हताच. खाली लिहिलं, 'हरालांपी जाम्बाझोव. १९७९–१९८९. दोंचोसह शेवटच्या प्रवासाला. शनिवारी पाच वाजता, वाचनगृह. शेवटचं भेटायला जरूर या.' साल मालिकेचं होतं. लांबून उठून दिसावं म्हणून कडेनं चांगली बोटभर जाड काळी चौकट काढली. ती इतकी सुबक जमली की काका स्वतःवरच खूश झाले. यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण!

मंगळवारी भल्या सकाळी त्यांनी सगळ्या दारांवर, बसथांब्यावर आणि झाडांवर त्याच्या छापील प्रती डकवल्या आणि घरी येऊन चित्रं काढत बसले. चार दिवस बाहेर पडले नाहीत. कुणी आलंही नाही. मेलेल्याच्या घराची बेल कोण वाजवणार?

खाली मात्र पेंकामावशी दारावरचा कागद वाचून मटकन पायरीवर बसली होती. ती बरोबर काकांच्या खालच्या मजल्यावर राहायची.

"अगं बाई! वरचा गेला की!"

"कोण वरचा?" निवृत्त ट्रामचालक कांचेव म्हणाला.

"तो नाही का, एकटाच बडबडायचा तो. चित्रकार!"

"पण हे साल बघ. दहाव्या वर्षी गेला?"

"छापणाऱ्यांच्या चुका त्या! मेलेल्या माणसाच्या चुका काय काढतोस?"

"आणि हा दोंचो कोण, बरोबर गेलेला?"

"भाऊ असेल. जुळा असेल! देव दोघांनाही क्षमा करो."

"पण देवळात नाही, वाचनगृहात कसं काय?"

"अरे, कलाकार माणूस! त्यांना हॉलमध्येच ठेवतात."

शनिवारी काका चारलाच हॉलवर गेले. जुन्या चित्रांची लांबलचक लाकडी पेटी कालिनाच्या मदतीनं मंचावर चढवली, वर काळं मखमली कापड घातलं. चित्रं शेवटी एकदम उघडून दाखवायची होती ना! मग काका पडद्यामागे गेले. बरोबर पाचला बाहेर यायचं असं ठरलं होतं, आणि कालिना ओग्न्यानसाहेबांना आणायला दाराशी गेली.

पावणेपाचला काकांनी फटीतून बघितलं आणि त्यांचा डोळ्यांवर विश्वास बसेना. हॉल गच्च भरला होता! माणसं भिंतीला टेकून उभी होती. काकांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "बघितलंस?" ते दोंचोला पुटपुटले. "विसरले नाहीत रे!"

मग त्यांना फुलं दिसली. कुणाच्या हातात दोन, कुणाच्या चार, तर कुणाच्या सहा. जिवंत माणसाला तिथे कुणी सम फुलं देत नाही, ती फक्त मयताला. पाठोपाठ मयताला वाटतात त्या साखर-अक्रोड घातलेल्या उकडलेल्या गव्हांचा वास आला. पेंकामावशी सगळ्यांच्या हातावर चमचा चमचा गहू ठेवत होती. लोक रांगेनं पेटीपाशी येऊन फुलं ठेवत होते, आणि एका आजीबाईंनी तर पेटीचं चुंबनच घेतलं!

आता काकांच्या टाळक्यात प्रकाश पडला. कुणीही शहाणा माणूस त्याच क्षणी बाहेर आला असता. काकांनी एक पाऊल उचललंही. पण तेवढ्यात पेंकामावशी बोलायला उभी राहिली.

"चांगला माणूस होता हो," ती डोळे पुसत म्हणाली. "आवाज कसा गोड! वरून बोलणं ऐकू यायचं. मी दर वेळी म्हणायची, एकदा कॉफीला बोलवावं. राहूनच गेलं."

"माझंही राहिलं," मागून कुणीतरी म्हणालं.

"लिफ्टमध्ये नेहमी दार धरून ठेवायचे ते."

काका थांबले. लाज वाटत होती, तरी पाय हलेना. तीन वर्षांत त्यांच्याबद्दल कुणी एवढं बोललं नव्हतं. अजून एकच माणूस ऐकू, मग जाऊ, असं म्हणत म्हणत त्यांनी अकरा माणसं ऐकली! बाहेर निघालो की हे सगळं थांबणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

बारावा कांचेव उठला.

"गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये," तो घसा खाकरून म्हणाला, "पण आठ वर्षांपूर्वी माझं ड्रिल नेलं होतं, ते काही परत दिलं नाही. असो. मी माफ केलं!"

"परत दिलंय!" पडद्यामागून आवाज गरजला. "तुझ्या बायकोच्या हातात दिलंय! हिरव्या पिशवीत घालून!"

आणि हरालांपीकाका तरातरा मंचावर आले.

पुढचं काय सांगावं! आजीबाई आडव्या झाल्या, गव्हांचं पातेलं पालथं झालं, आणि कांचेव खुर्चीवर चढून ओरडायला लागला, "हिरवीच! हिरवीच पिशवी होती, आता आठवलं! माफ करा, काका, पण जवळ येऊ नका!" पेंकामावशीनं आधी छातीवर क्रूस काढला आणि मग हातातला चमचा काकांवर उगारला.

"लाज नाही वाटत? दोन किलो गहू उकडले मी तुमच्यासाठी!"

लोक फुलं परत घेऊन, शिव्या देत बाहेर पडले. दाराशी कालिना कपाळाला हात लावून उभी होती. शेजारी ओग्न्यानसाहेब रुमालानं नाक पुसत होते.

"एकशे बारा," ते म्हणाले. "मंजूर."

"पण साहेब, ते तर..." काकांच्यानं खोटं बोलवेना.

"माणसं किती आली, एवढंच आमच्या फॉर्ममध्ये विचारलंय. कशाला आली, ते विचारलेलं नाही."

अशी गंमत झाली! हंगाम मिळाला. काका सोमवारी दुकानातून अर्धा किलो कॉफी आणि सहा नवे कप घेऊन आले. "राहूनच गेलं" म्हणणारे आता येतीलच की! एक आठवडा गेला. दोन गेले. दोंचो पुलावर चढला, अर्ध्यावर पोचला. कपांवरची किमतीची चिठ्ठीसुद्धा निघाली नव्हती. जिन्यात माणसं भेटत, मान खाली घालत आणि लगबगीनं निघून जात.

शेवटी एका दुपारी काकांनी धीर करून खालची बेल वाजवली.

"मावशी, तुम्ही त्या दिवशी कॉफीचं म्हणाला होतात..."

"ते गेलेल्या माणसाला म्हटलं होतं," पेंकामावशी म्हणाली. पण काकांचा उतरलेला चेहरा बघून ती जरा वरमली. "बरं, एक राहिलंय. तुमच्या नावानं मी देवळात मेणबत्ती लावली आणि पाद्रीबाबांच्या मृतांच्या यादीत नाव घातलं. आता गेलेल्याचा चाळिसावा दिवस जेवण घालून केला नाही तर अपशकून. अख्ख्या जिन्याला करावाच लागणार!"

"सगळे येतील?" काकांचा आवाज एकदम बारीक झाला.

"चाळिसाव्याला कुणी नाही म्हणतं होय?" तिनं बोटांवर हिशोब केला. "येतो बुधवारी, पण लोकांच्या सोयीनं आदल्या शनिवारी करू. तुमच्याच घरी. तुम्ही असाल ना?"

"असेन की," हरालांपीकाका म्हणाले. "मी कुठे जाणार!"