धूर हाय का गं?

आमच्या गावाला कोंबड्याची गरज नव्हती. कोंबडं आरवायच्या आधीच आमची मोठीमाय माळवदावर चढून ओरडायची.

"गोदे, ए गोदे! तुझ्या घरावर धूर कावून न्हाई?"

मोठीमाय म्हणजे माझ्या नवऱ्याची आजी, पाटलाच्या घरातली सगळ्यांत थोरली बाई. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्याच पहाटे हा आवाज कानावर आला आणि मी दचकून उठून बसले. वाटलं, गावात दरोडा पडला. सासूबाईंनी कूस बदलली नाही. म्हणाल्या, "झोप. धूर बगायल्यात."

आमचं माळवद गावात सगळ्यांत उंच. तिथून सगळी घरं दिसायची. सकाळी ज्याच्या घरातून धूर निघाला नाही, त्याच्या दारात मोठीमाय हजर! आजारपण असो, भांडण असो की पीठ संपलेलं असो, कारण कळल्याशिवाय ती हलत नसे. गावाला हिचा लई जाच.

नामदेव शिंप्याचं बायकोशी वाजलं आणि ती रुसून बसली. चूल थंड. मोठीमायनं नामदेवाला गल्लीच्या देखत चुलीपुढं बसवलं. "फुंक! चूल काय तिनं माहेराहून आणली व्हय रे?" त्याचे डोळे धुरानं लाल झाले आणि बायको हसायला लागली. तेव्हापासून गावातली शहाणी माणसं आधी चूल पेटवत आणि मग भांडत.

एकदा पिकांची पाहणी करणारा सरकारचा गिरदावर चावडीत मुक्कामाला होता. सकाळ झाली, चावडीवर धूर नाही. ही गेलीच. "ओ सायेब, चूल कावून पेटली न्हाई? आमच्या गावची ज्वारी कडू हाय का?" तो बिचारा म्हणाला, "अम्मा, रोजा है." "आस्सं व्हय! मग सांजंला बगते." आणि सांजंला खरंच चढली. पुढच्या गावी जाऊन गिरदावर म्हणाला म्हणे, त्या गावात एक वेळ शेतसारा चुकवता येईल, पण जेवण चुकवता येत नाही.

बरं, ही खोड परवडली. दुसरी फार वाईट. भिंतीतल्या बळदात ज्वारी, गोठ्यात म्हशी, आणि ही बाई गावातल्या गरिबांच्या दारात मागत उभी! "राधे, तुझं सूप दे गं जरा. सावित्रे, बांबूची पाटी दे तुझी." आमच्या भिंतीला लोकांची सुपं टांगलेली. माहेरी तलवाड्याला गेले की बहिणी चिडवायच्या, "पाटलाच्या घरात दिलं तुला, आन् घरात एक सूप न्हाई व्हय?" लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एक दिवस मी बोललेच. "मोठीमाय, आपल्याला काय कमी हाय? कावून मागत फिरता?"

"तुला काय कळतंय, टवळे! जा, राधीचं सूप देऊन ये. आन् रिकामं देऊ नगंस. रिकामं भांडं माघारी देत न्हाईत, अवदसा येती."

सुपात ज्वारी घालून मी निघाले. सकाळी राधीच्या घरावर धूर नव्हता, हे मला वाटेत आठवलं. पुन्हा मी सुपांचा विषय काढला नाही.

मग पाऊस न झालेलं साल आलं. तोवर मोतीबिंदूनं मोठीमायचे दोन्ही डोळे गेले होते. तोंड मात्र शाबूत. आता माळवदावर चढायचं काम माझ्या गळ्यात आलं. ती ओसरीवर बसून विचारायची, "धूर हाय का गं?" आणि मी वरून एकेक घर सांगायची.

भिंतीला भिंत लागून सखारामचं घर होतं. भावकीतलाच, पण बांधावरून असा तंटा झालेला की आमच्या घरचं पाणीसुद्धा त्याला वर्ज्य. त्याची बायको कोंडाबाई गावात सगळ्यांच्या आधी चूल पेटवायची. तिचं घर मी न बघताच सांगे, "हाय."

एका सकाळी मोठीमाय म्हणाली, "हाय म्हणतीस, पर थापल्याचा आवाज कुठं हाय?"

"कशाच्या?"

"भाकरीच्या, बये! भिंतीपशी बसते मी. चार दिस झाले, कोंडीच्या घरात धूर हाय, पर भाकर वाजत न्हाई."

"कण्या शिजवत असंल."

पण ती उठलीच. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि निघाली. आमच्या घरचं कुणी त्या उंबऱ्यावर वर्षानुवर्षं गेलं नव्हतं. मोठीमाय सरळ आत शिरली, चाचपडत चुलीपाशी बसली आणि मडक्यावरचं झाकण उचललं.

आत नुसतं पाणी उकळत होतं. लेकरं मडक्याकडं बघत बसली होती. कोंडाबाईनं मान खाली घातली. मी काही बोलणार, तेवढ्यात मोठीमायनं मला असा चिमटा काढला की दंडावर काळंनिळं उठलं.

"कोंडे, तुझी पाटी दे गं. आमची हिनं मोडली. लई धांदरट हाय मेली."

मी जन्मात पाटी मोडलेली नाही!

"आमची पाटी तुमच्या घरात? धनी काय म्हणतील?" कोंडाबाई कशीबशी बोलली.

"त्याला सांग, पाटलाची थेरडी दारात मागाया आलती. नाक घासत आलती म्हण. सांगू दे गावभर."

कोंडाबाईनं पाटी दिली. 

घरी आल्यावर मी विचारलं, "तुमाला कसं कळलं? धूर तर रोज हुता."

मोठीमायनं पाटी चाचपून बाजूला ठेवली. 

"मी तुझ्याएवढी आसन. लई मोठा दुष्काळ पडलता. बळद झाडून खाल्लं. पर पाटलाची सून मी, मागाया कशी जाऊ? सासू म्हणायची, चूल पेटव, लोक बगत्यात. मी पेटवायची. मडक्यात नुसतं पाणी. माझी गंगू जवळ बसून इचारायची, 'माय, झालं का?' मी म्हणायची, होतंय." तिनं पदरानं तोंड पुसलं. "माझ्या घरावर रोज धूर हुता गं. म्हणून कुणी आलंच न्हाई. गेली माझी गंगू."

 मग माझ्यावर खेकसली, "काय बसलीस? पाटी भर!"

पाटी भरून गेली. आणि पुढचं पीक हाती येईपर्यंत मी रोज काहीतरी मोडत राहिले. आज सूप, उद्या परात, परवा चाळण. सखाराम पारावर मिशीला पीळ देऊन सांगे, "पाटलाच्या घरात एक धड भांडं न्हाई. आमच्या जिवावर चाललंय." हे कळलं की मोठीमाय पोट धरून हसायची.

मोठीमाय खूप जगली. माझ्या लेकाचं लग्न तिनं पाहिलं. म्हणजे पाहिलं नाही, ऐकलं. आणि वाजंत्री बेसूर होती असंही सांगितलं. शेवटी शेवटी अंथरुणाला खिळली, पण सकाळी प्रश्न ठरलेला.

"धूर हाय का गं?"

"हाय, मोठीमाय. समद्यांच्या घरावर हाय."

एके दिवशी मात्र तिनं पुढं विचारलं, "आन् आपल्या?"

"आपल्या बी हाय."

"वरून नगं सांगू. आत जा. झाकण काढून बग."

मी आत गेले. चुलीवर कण्या शिजत होत्या. पातेलं तसंच पदरात धरून मी ओसरीवर आणलं आणि तिच्या तोंडावर वाफ येईल असं धरलं. तिनं वास घेतला. हात वाफेवरून फिरवला.

"झालं," ती म्हणाली. "गंगूला वाढ आदी. कवाची बसलीया."

मला रडू आवरेना. "वाढते," म्हटलं, आणि वाटी भरून तिच्या उशाशी ठेवली.