न केलेलं आपोवणं

पूजेला कोणालाही बोलवायचं नाही असं मी ठरवलं, कारण मला सगळ्यांनी यायला हवं होतं.

हे वाचून तुम्हाला जसं वाटलं असेल तसंच आमच्या ह्यांनाही, म्हणजे सगुणना, वाटलं. पण ते नुसते "बरं" म्हणाले आणि उठून जनेल, म्हणजे खिडकी, लावून आले. बारा वर्षं सर्बियात राहून त्यांनी तिथली एकच गोष्ट उचलली आहे. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या राहिल्या तर मधल्या वाऱ्याने माणूस आजारी पडतो, असं तिथे लहानथोर सगळे मानतात. (गोव्यात, डिचोलीच्या घामात हे मानणारं आमचं एकच घर आहे.)

आमच्याकडच्या लोखंडाच्या खाणी बंद पडल्या तेव्हा हे तिथे मेकॅनिक होते. ओळखीतून सर्बियात एका तांब्याच्या खाणीत काम मिळालं. कागद हातात आले आणि दोन दिवसांत आम्ही घराला कुलूप लावलं. किल्ली शेजारी थोरल्या जाऊबाईंकडे, चंद्रावतीवहिनींकडे, दिली. वाड्यावर शेजारपाजारी कोणाला भेटून गेलो नाही. गडबडच तशी होती. (गडबड नव्हती. नोकरी गेल्याची लाज वाटत होती.)

यंदा कायमचे परत आलो. वहिनींनी किल्ली माझ्या हातावर ठेवली, "घे" म्हणाल्या आणि आत गेल्या. पुढचा महिनाभर आमचं बोलणं तेवढंच. घर उघडून पाहते तर देवापुढची समई कालच घासल्यासारखी. मला तिथेच रडू आलं. म्हणून सत्यनारायण घालायचं ठरवलं. वहिनी आमच्या घरात येऊन बसल्या पाहिजेत, एवढंच माझ्या मनात होतं.

आणि न बोलवण्याचं खूळ? ते मिलेनाचं.

मिलेना ही तिथली आमची शेजारीण, सत्तरीची. त्या देशात प्रत्येक घराचा एक संत असतो, आपल्या कुळदेवासारखा. त्याच्या दिवसाला स्लावा म्हणतात. घरात मेणबत्ती लावतात, गोल पाव कापतात, येणाऱ्याला अक्रोड घालून शिजवलेले गोड गहू चमचाभर देतात. पहिल्या वर्षी मिलेनाने जिन्यात सांगितलं, "एकोणीस डिसेंबर. आमचा संत निकोला. या." आम्ही गेलो. दुसऱ्या वर्षी मी बोलावण्याची वाट पाहत पडद्यामागे उभी राहिले. जिन्यात पावलं वाजत होती, माशांचा वास येत होता, आम्हाला कोणी बोलावलं नाही. ह्यांना मी डाळभात वाढला आणि आपण परके ते परकेच, असं म्हणून डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी मिलेना ताट घेऊन दारात.

"तुझ्या घरी कोण आजारी आहे?"

"कोणी नाही."

"मग आली का नाहीस?"

"तू बोलावलं नाहीस."

"सांगितलं होतं की!"

"ते गेल्या वर्षी!"

"मग? संत बदलला?"

तिने मला समजावलं, की त्या दिवशी दार उघडं असतं आणि आपली माणसं आपणहून येतात. आपल्याच माणसाला पुन्हा पुन्हा बोलवायचं म्हणजे त्याला परकं म्हणण्यासारखं. मला ते इतकं पटलं, की पुढची दहा वर्षं मी तिच्या घरी न बोलावता गेले. आणि ते पटणं बॅगेत भरून गोव्यात आणलं.

रविवारी पूजा मांडली. साठ माणसांचं खतखतं, मूगगाठी, शिरा. दार सताड उघडं. (जनेल बंद.) दारात नव्याकोऱ्या सपातांचे वीस जोड मांडले. सर्बियात पाहुण्याला घरात घालायला देतात तशा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणल्या होत्या.

दहा वाजता समोरच्या वाटेने वाड्यावरच्या ज्योती आणि दिपाली गेल्या. आत पाहून हसल्या. मीही हसले. त्या पुढे गेल्या. अकरा वाजता परत आल्या, पुन्हा हसल्या, पुन्हा गेल्या. बारा वाजता भटजींनी मान वळवून पाहिलं.

"बाई, आरतीला कोण कोण?"

"येतील."

आले नाहीत. ह्यांनी घंटा वाजवली, मी ताट धरलं, आणि भटजींनी आरती म्हणत टाळ्याही स्वतःच वाजवल्या. मग एकटे पंगतीला बसले. दुसऱ्यांदा शिरा घेताना म्हणाले, "सावकाश जेवायला मिळालं, हे बाकी खरं."

त्या साऱ्या वेळात वहिनी आपल्या पडवीत बसल्या होत्या. नवी साडी, केसांत अबोलीची फाती. सकाळी दहापासून. मी माझ्या दारात आणि त्या त्यांच्या पडवीत, मध्ये जास्वंदीची वय, म्हणजे कुंपण. शेवटी मिलेनासारखं मीच प्रसादाचं ताट घेतलं आणि वयीच्या फटीतून गेले.

"आरती झाली?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आयकाक इली. भटजी एकटोच आरडत होतो."

"वहिनी, तुम्ही आला नाहीत?"

"तू आपोवणं केलंस खंय? घरच्या बायलेन कुंकू घेवन येवचां, बोलावचां, तेच्या मागसून पूजेक जावचां. इसारलंस?"

"पण दार उघडं होतं."

"दार?" वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "तां दार बारा वर्सां मीच उघडलंय. रोज सांजेक, देवाक दिवो लावूक. तेका माका कोणाचा आपोवणं लागाक नाय. पण पूजा म्हणजे वेगळा. गेलंस तेव्हा सांगान गेलंस नाय. आता पूजा घातलंस, तीय सांगनासताना."

मिलेनाचं उत्तर माझ्या तोंडाशी आलं होतं. पण मला समई आठवली. ताट घेऊन घरी आले, कुंकवाचा करंडा घेतला आणि या वेळी फटीतून न जाता वळसा घालून त्यांच्या समोरच्या पायरीने चढले. कुंकू लावलं. वाकून पाया पडले.

"वहिनी, आमच्याकडे सत्यनारायण आहे. भावोजींना घेऊन प्रसादाला या."

"कधी?"

"आता."

त्यांनी नव्या साडीचा पदर सारखा केला, अबोली चाचपली. "बघतंय," म्हणाल्या, "सवड गावली तर."

आणि लगेच उठल्या. "चल, बाकीची घरां दाखयतंय. तीय इसारलंस आसतलंस."

दुपारी दोनच्या उन्हात आम्ही दोघी घरोघर फिरलो. प्रत्येक घरात माणसं नटूनथटून बसलेली. ज्योतीने तर कडी वाजवायच्या आधीच दार उघडलं. म्हातारी मालतीकाकी म्हणाली, "आमी अजून जेवाक नाय गो. म्हटला, उशिरा आपोवणं इला तर पोटात जागा होयी!"

अर्ध्या तासात घर भरलं. भटजींना झोपेतून उठवून पुन्हा आरती केली. खतखतं कमी पडलं. वहिनी माझ्या स्वयंपाकघरात शिरल्या आणि कोणता डबा कुठे आहे ते मला सांगू लागल्या. मी एवढी सुखी बारा वर्षांत झाले नव्हते.

संध्याकाळी पाहते तर दारातल्या वीसही जोड सपाता गायब. परदेशातली भेट म्हणून सगळे घेऊन गेले होते. एकविसावा जोड ह्यांचा होता. तोही गेला.

वीस डिसेंबरला वहिनी आमच्या पडवीत बसून वाल सोलत होत्या. पायांत माझ्या सपाता. तेवढ्यात फोन वाजला. मिलेना होती.

"तुझ्या घरी कोण आजारी आहे?"

"कोणी नाही."

"मग काल आली का नाहीस? मी तुमची दोन ताटं मांडून ठेवली होती."

"मिलेना, मी इंडियात आहे! कायमची आले. तुला माहीत आहे."

"मग? संत बदलला?" असं म्हणून तिने फोन ठेवला.

मी वहिनींना सगळं सांगितलं. माझ्या बाजूने बोलायला आता माझं माणूस होतं.

वहिनींनी वालाची साल बाजूला टाकली आणि शांतपणे विचारलं, "येवचंय नाय म्हणान तेका सांगलेलंस?"

"नाही."

"मगे ता बरोबर बोलला."

त्या दोघींनी एकमेकींना कधी पाहिलेलं नाही, पुढेही पाहणार नाहीत. पण मला काही वळण नाही, यावर त्यांचं एकमत आहे. आत जनेल लागल्याचा आवाज आला. ह्यांचंही असावं.