इम्पालाचं वजन आणि गल्लीचा स्लॅब

माझं खरं कोणीच मानलं नाही. चौथी पास बाईचं कोण मानणार? तरी लिहून ठेवते.

त्र्याण्णव साल. आमच्या मुलीचं, वर्षाचं लग्न ठरलं आणि आमच्या ह्यांनी (नाव उखा, घ्यायला मी लाजत नाही) एक लहानशी गोष्ट मनावर घेतली. नवरदेव मारुतीच्या पाया पडून मांडवात येईल तो घोड्यावर नाही, अमेरिकन गाडीत! सुरतेजवळ पलसाण्याला हे कापड रंगवायच्या ज्या डाइंग मिलमध्ये कामाला आहेत, तिथल्या शेठकडे बासष्ट सालची इम्पाला होती. लांबी आमच्या दोन खोल्यांएवढी. (खोल्या लहान आहेत, मान्य.)

पण भेस्तानच्या आमच्या गल्लीत शिरायला गटारावरचा एकच स्लॅब. त्यावर रंगवलेलं: २ टन. सोसायटीचे चेअरमन श्रीपतभाऊ म्हणाले, "आधी वजन करून आणा. स्लॅब मोडला तर मोडणाऱ्याचं नाव फळ्यावर." आमच्या फळ्यावर रस्त्यात कचरा टाकणाऱ्यांची नावं लागतात. त्यात आमचं नाव, तेही लग्नघरी? म्हणून गाडीबरोबर मीही वजनकाट्यावर गेले.

"किती भरेल रे?" मी हेमराज ड्रायव्हरला विचारलं.

"तसं सांगता येत नाही, काकी. हीच गाडी सहा सिलिंडरची हलकी, आठची भारी. एसी लावला की आणखी वाढलं. बंपर तर निव्वळ लोखंड. आणि उघड्या टपाची असती तर अजून भारी."

"टप काढलं की वजन वाढतं? मला येडी समजतोस?"

"टप नसलं की गाडी वाकते, काकी. म्हणून खालून जास्तीचं लोखंड घालतात."

हे मात्र पटलं. आमच्या घरात तसंच आहे. वरून सगळं उघडं, खालचं लोखंड मी.

पावती आली: सतराशे चाळीस किलो.

"पाहिलं? अडीचशेच्या वर बाकी!" हे नाचले.

"ही रिकाम्या गाडीची पावती. नवरदेवाची गाडी रिकामी येते का?" मी म्हटलं.

"तुले काय समजस? छापेल शे ते!" छापलेलं म्हणजे ह्यांना वेदवाक्य.

वीस वर्षं मी मार्केटात साड्यांची गाठोडी वाहिली. डोक्यावर ठेवलं की किलो सांगते. पण डोक्यातून पावती निघत नाही ना!

लग्नाच्या दिवशी गाडी स्लॅबपाशी आली. आत नवरदेव, दोन करवल्या, त्याची आत्या, त्याचे लोटूमामा आणि मांडीवर चार पोरं. नवरदेवाच्या गाडीतून त्याच्या माणसाला उतरवायची कोणाची छाती? पुढची चाकं स्लॅबवर चढली. कर्र्र! हेमराजने ब्रेक मारला. पण स्लॅब टिकला.

माझी छाती होती. धावले. "मामा, उतरा!"

"विहीणबाई आम्हाला उतरवतात?" लोटूमामांनी पोट सावरून तोंड फिरवलं.

मी खिडकीतून हात घालून त्यांचा दंड धरला, दोन्ही पाय स्लॅबवर रोवले, ओढलं... आणि मी, स्लॅब, गाडीचं तोंड, सगळे एकदमच गटारात! लागलं कोणाला नाही. नवरदेवाचा एक बूट गेला. लग्न वेळेवर लागलं, अनवाणी.

दुसऱ्या दिवशी श्रीपतभाऊ वही घेऊन बसले. "ज्याने त्याने आपलं वजन सांगा."

लोटूमामा म्हणाले, "पंचेचाळीस." (नुसतं पोटच तेवढं असेल.) आत्या म्हणाली, पस्तीस. पोरांच्या आयांनी पोरं पाच-पाच किलोची सांगितली! गाडीसकट बेरीज झाली एकोणीसशे पंच्याण्णव.

"म्हणजे पाच किलो बाकी होते," श्रीपतभाऊ म्हणाले. "मग वर आणखी कोण होतं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या ह्यांनीसुद्धा.

मला खोटं बोलता येत नाही. मी म्हटलं, "बहात्तर."

संध्याकाळी फळ्यावर, केळ्याची सालं टाकणाऱ्या धुडकूच्या खाली, ठळक खडूने लिहिलं होतं: स्लॅब मोडणाऱ्या, सरलाबाई.