दोनशे चाळीस पिवळे बल्ब

निवृत्तीला अकरा दिवस उरले असताना भांडारपालकाकांची गाडी साठा नोंदवहीच्या त्रेसष्टाव्या पानावर अडकली. त्यांच्याकडून चार्ज घ्यायला बसलेली मुलगी सकाळपासून एकेक खोकं उघडून, मोजून, पेन्सिलीने बरोबरच्या खुणा करत होती. दोऱ्याची रिळं बरोबर, शाईचे पॅड बरोबर, कुलपं किल्ल्यांसकट बरोबर. त्रेसष्टाव्या पानावर तिची पेन्सिल थांबली.

“काका, हे दोनशे चाळीस पिवळे बल्ब?”

“मागच्या मांडणीवर आहेत. मोजून घे.”

“मोजले. बरोबर आहेत. पण मी घेणार नाही.”

काकांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. बत्तीस वर्षांत त्यांच्या साठ्यात टाचणीचा फरक पडला नव्हता, आणि ही कालची पोर त्यांचा माल घ्यायला नाही म्हणत होती. तिने टेबलासमोरच्या पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं. त्यावर ऊर्जाबचतीच्या खरेदीचं नवं परिपत्रक चिकटवलेलं होतं. जास्त वीज खाणारी कोणतीही वस्तू कार्यालयाने यापुढे खरेदी करू नये, वापरू नये आणि साठ्यात ठेवू नये.

“मी सही केली की त्या मिनिटापासून मी ठेवते,” ती म्हणाली. “आत्तापर्यंत तुम्ही ठेवलेत.”

“तू मला नियम शिकवणार?”

“तुम्हीच शिकवलात ना, काका.”

हे मात्र खरं होतं. कचेरीत काकांना पाठीमागे सगळे ‘पोटकलम’ म्हणत, कारण नियम सांगताना त्याचं पोटकलम सांगितल्याशिवाय त्यांना घास गिळत नसे. परिपत्रक आलं, की ते आधी डिंकाने पुठ्ठ्यावर चिकटवायचं आणि समोरच्या खिळ्याला टांगायचं, ही त्यांची जुनी पद्धत. असे चाळीसेक पुठ्ठे तिथे लटकत होते. ज्यांनी काही मागितलं त्यांना काका त्या भिंतीकडे नुसतं बोट दाखवत. दुसऱ्या कार्यालयांना पाठवलेल्या नकारांची त्यांची फाईल तर कचेरीतली सगळ्यात जाड फाईल होती, आणि ती ते पाहुण्यांना कौतुकाने दाखवत.

पण आता प्रश्न कौतुकाचा नव्हता. चार्ज दिल्याशिवाय कोणालाही कार्यमुक्त करत नाहीत. एकुलत्या एक लेकीचं पहिलं बाळंतपण पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात होतं, ती सात तासांच्या अंतरावर होती, आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळी साडेसातच्या बसने निघायचं असं काकांनी तिला शब्द देऊन सांगितलं होतं. तिच्या लग्नात वार्षिक साठामोजणी निघाली म्हणून ते अक्षता पडल्यावर पोचले होते. लेक त्याबद्दल कधी बोलली नव्हती, आणि तेच त्यांना जास्त लागत होतं. घरात दाराशी दोन बॅगा आत्तापासून भरून उभ्या होत्या.

काका साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, निर्लेखित करून टाका, म्हणजे साठ्यातून कायमचे वजा. निर्लेखित करायला वस्तू निकामी असावी लागते, आणि निकामी असल्याचा दाखला वायरमन देतो. वायरमनने एक बल्ब होल्डरमध्ये अडकवला. तो लख्ख पेटला.

“पेटणाऱ्या बल्बला पेटत नाही असं मी लिहून देणार नाही,” वायरमन म्हणाला. “मलापण नोकरी आहे.”

मग काकांनी एकेक दार ठोठावून पाहिलं. कचरा नेणारा कंत्राटदार म्हणाला, फक्त उडालेले बल्ब घेतो, चालू नाही. लिलाव करावा, तर जास्त वीज खाणारी वस्तू जनतेला विकायला मनाई. फोडून टाकावेत, तर सरकारी मालमत्तेची नासधूस, म्हणजे चौकशी, म्हणजे पेन्शन लटकली. दुसऱ्या कार्यालयाला द्यावेत, तर नियम त्यांनाही लागू, आणि असे मागणारे जे कोणी आले होते त्यांना काकांनीच पुठ्ठ्याकडे बोट दाखवून वाटेला लावलं होतं. थोडक्यात, हे बल्ब वापरता येत नव्हते, ठेवता येत नव्हते, विकता येत नव्हते, देता येत नव्हते आणि टाकताही येत नव्हते. हा नियम लिहिणाऱ्याने आयुष्यात कधी बल्ब पाहिला होता का, असं काका त्या दिवशी चार जणांना विचारत फिरले. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि खरं सांगायचं तर ती जायलाच हवी होती.

रात्री जेवताना त्यांनी सगळं बायकोला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

“मग उडेपर्यंत जाळा की,” ती म्हणाली.

काकांचा घास हातातच राहिला. ऊर्जाबचतीचा नियम वापराला मनाई करत होता, पण भांडाराच्या नियमांत, पोटकलम अकरामध्ये, साठ्यातल्या विजेच्या वस्तू वेळोवेळी पेटवून तपासाव्यात असं लिहिलेलं होतं. तपासणी किती वेळ करावी, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वायरमनने एका लांब फळीवर चाळीस होल्डर ठोकून दिले. कचेरी उघडली की भांडारात चाळीस बल्बांची तपासणी सुरू व्हायची आणि कचेरी सुटली की थांबायची. पहिल्या दिवशी एक बल्ब उडाला. दुसऱ्या दिवशी एकही नाही. बारा वर्षं खोक्यात पडून राहिलेले ते बल्ब जणू याच दिवसाची वाट पाहत होते. आणि याच सुमाराला काकांच्या टेबलावरची पाच तारे मिळालेली नवी ट्यूब, जी बसवून दोन महिनेही झाले नव्हते, ती दोनदा फडफडली आणि गेली. ती बदलायची तर तीन सह्या लागत. ज्या बल्बांना मरायची परवानगी होती ते मरत नव्हते, आणि जिने जगायचं ती मेली होती. काका मुकाट्याने त्या चाळीस बल्बांच्या उजेडात बसून काम करू लागले.

दिवस थंडीचे होते. भांडारात ऊब आहे ही बातमी कचेरीभर पसरायला एक दुपार पुरली. आधी टंकलेखक बाई बोटं शेकायला आल्या. मग आवक-जावकवाल्याने टेबलच आत ओढून आणलं. तिसऱ्या दिवशी साहेब सह्या करायला येऊन बसले आणि उठेचनात. उकाड्याने भिंतीवरच्या पुठ्ठ्यांचा डिंक सुटला. ऊर्जाबचतीचं परिपत्रक तर एका बाजूने सुटून गुंडाळलं गेलं, तेव्हा काकांनी त्याला ताजा डिंक चोपडला, वर मूठ दाबली आणि परत टांगलं. रागाच्या भरात त्यांनी त्याच्याकडे धड पाहिलंही नाही.

पाचव्या दिवशी मुख्य कार्यालयातून पत्र आलं, की आपल्या कार्यालयाचा विजेचा वापर अचानक तिप्पट झाला आहे, कारण कळवावे. काकांनी उत्तर लिहिलं, की सदर वापर ऊर्जाबचतीच्या नियमाची अंमलबजावणी करण्यासाठी झाला आहे. साहेबांनी ते दोनदा वाचलं. त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून त्यांनी सही केली.

शेवटी वायरमनलाच दया आली. नुसते जाळून हे बल्ब उडायचे नाहीत, म्हणाला, सारखं बटण दाबून चालू-बंद करा, म्हणजे तार लवकर तुटते. तेव्हापासून काका बटणापाशी स्टूल घेऊन बसले. खट चालू, खट बंद. अंगठ्याला फोड आला तेव्हा त्यांनी बोट बदललं. चार्ज घेणारी मुलगी अधूनमधून त्यांना चहापुरती सोडवत असे, आणि कोणी आत डोकावून काय चाललंय म्हणून विचारलं तर “तपासणी” एवढंच सांगत असे. आता मात्र बल्ब पटापट उडू लागले आणि पोत्यात जाऊ लागले.

दोन दिवस उरले होते तेव्हा बायकोचा फोन आला. लेकीला दवाखान्यात नेलं होतं, दिवस भरायच्या आधीच. काका म्हणाले, फक्त बावीस बल्ब राहिलेत.

“मी निघते,” बायको म्हणाली. “तुमची बॅग दाराशी आहे. तुम्ही या बल्ब उडाले की.”

ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. काका परत स्टुलावर बसले आणि बटण असं दाबू लागले की वायरमनला दुसरं बटण आणून बसवावं लागलं.

शेवटच्या दिवशी दुपारी चारला पोत्यात दोनशे एकोणचाळीस उडालेले बल्ब होते आणि फळीवर एक पेटत होता. तो काही केल्या उडेना. काकांनी त्याला मोजून सहाशे वेळा चालू-बंद केलं. तो दर वेळी पहिल्याइतकाच लख्ख पेटला. पाच वाजता बाहेर अंधारून यायला लागलं, साहेब निरोपाचे दोन शब्द बोलून घरी गेले, आणि भांडारात त्या एका बल्बाच्या उजेडात काका, मुलगी आणि वायरमन उरले.

“एक तर आहे,” काका म्हणाले. “घे आता.”

“एकालासुद्धा नियम तोच आहे, काका.”

तेवढ्यात दारात एक बाई उभ्या राहिल्या. डोक्याला मफलर, स्वेटरवर पिसं चिकटलेली. गावाबाहेर कोंबड्यांची पिल्लं वाढवायचं सरकारी केंद्र होतं, तिथल्या त्या डॉक्टर. त्यांनी आधी पेटत्या बल्बाकडे पाहिलं आणि मग काकांकडे.

“म्हणजे आहेत तुमच्याकडे,” त्या म्हणाल्या. “तीन पत्रं लिहिली मी. तिन्ही वेळा तुम्ही नियम पाठवलात. अहो, नव्या दिव्यांना ऊब नसते. आमची पिल्लं गारठताहेत. आम्ही शेगड्या घेऊन पाळीपाळीने बसतो त्यांच्यापाशी. खरेदीच्या यादीतून हे बल्बच काढून टाकलेत, मग आम्ही दुसऱ्या कार्यालयाकडे मागायचं नाही तर कुठे मागायचं?”

“मॅडम, तुमच्याबद्दल सहानुभूती आहे,” काका सवयीने म्हणाले आणि त्यांनी पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं. “पण नियम.”

“पुढचा वाचलात. मागचा?”

बाईंनी पिशवीतून आपली प्रत काढली आणि उलटी केली. कागद वाचवण्यासाठी परिपत्रक पाठपोट छापलेलं होतं. मागच्या बाजूला एकच पोटकलम होतं, सात-ब. जिथे दिव्याचा उपयोग उजेडासाठी नसून उबेसाठी आहे तिथे हा नियम लागू नाही, आणि ज्या कार्यालयांकडे असे बल्ब असतील त्यांनी ते अशा केंद्रांना ताबडतोब द्यावेत.

काकांनी ते वाचलं. भिंतीवरचा पुठ्ठा काढून त्याचं टोक नखाने खरवडून पाहिलं. डिंक ताजा होता, चांगला बसला होता.

“किती लागतील तुम्हाला?” त्यांनी विचारलं.

“असतील तेवढे. आम्हाला ते दिवसभर जाळायचेच आहेत.” बाईंची नजर कोपऱ्यात गेली. “त्या पोत्यात काय आहे?”

काकाच म्हणाले, “तुमचे बल्ब.”

बाईंनी पोत्याचं तोंड उघडून आत पाहिलं. ओरडल्या असत्या तर काकांनी ऐकून घेतलं असतं. पण त्या एवढंच म्हणाल्या, की मग हा एक तरी द्या, एका बल्बाखाली पन्नास पिल्लं दाटीवाटीने बसतात. काकांनी मुलीकडे पाहिलं. हा गेला की साठा शून्य, चार्ज पूर्ण, आणि साडेसातची बस. मुलीने बाईंच्या हातातलं मागणीपत्र घेतलं आणि ओळीवर बोट ठेवून वाचलं.

“काका, ह्याच्यावर कालची तारीख आहे.”

“मग?”

“मागणीपत्र त्याच दिवसाचं लागतं. पोटकलम चार. मॅडमना उद्या परत यावं लागेल.”

ती उद्धटपणे बोलत नव्हती. काकांनी शिकवलेलं तिने नीट लक्षात ठेवलं होतं. त्या खोलीत काकांना पहिल्यांदाच कळलं, की त्यांच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला उभं राहून पोटकलम ऐकणं कसं असतं. बत्तीस वर्षं किती माणसं तिथे उभी राहिली असतील याचा हिशोब त्यांना नको होता. त्यांना संताप आला, आणि या वेळी तो नियम लिहिणाऱ्याचा नव्हता.

त्यांनी नोंदवही ओढली, त्रेसष्टावं पान उघडलं आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं, पिवळे बल्ब, नग दोनशे चाळीस, सर्व तपासणीत निकामी. बत्तीस वर्षांतली ती त्यांची पहिली खोटी नोंद. मग त्यांनी दाखल्याचा कागद वायरमनपुढे सरकवला.

वायरमनने फळीकडे पाहिलं. बल्ब लख्ख पेटलेला होता. टेबलावरची पाच ताऱ्यांची ट्यूब गेलेली असल्यामुळे खोलीत दुसरा उजेड नव्हता, म्हणून त्याने कागद उचलून बल्बाच्या जवळ नेला, दोनशे चाळीसावा बल्ब पेटत नाही हे नीट वाचलं आणि खाली सही केली.

“तू?” काकांनी मुलीला विचारलं.

“निकामी झालेल्याला मागणीपत्र लागत नाही,” ती म्हणाली, आणि तिनेही कागद उजेडात धरून सही केली.

बाईंनी डोक्याचा मफलर काढून बल्ब गुंडाळायला त्याची घडी टेबलावर पसरली. काकांनी घड्याळ पाहिलं, पावणेसहा. वायरमनने बटण बंद केलं, आणि तो निकामी बल्ब हात लावण्याइतका गार होईपर्यंत चौघं अंधारात बसून राहिले.