गगनपाट तारवाच्या डोलकाठीची हकीकत

श्री. पाणी ज्याने धरिले आणि वारा ज्याने सोडिला, त्यास आधी नमन आणि मग हकीकत. शके अठराशे बावन्न, प्रमोदनाम संवत्सर. ते समयी पृथ्वीवरचे एक थोर युद्ध सरले होते आणि दुसरे पेटावयाचे होते, आणि मधल्या काळात सर्व राज्ये एकमेकांस तोंडावर नमस्कार करीत आणि पाठीमागे लोखंड तापवीत. त्यांत समुद्रकाठी एक राज्य होते. नाव सांगावयाचे प्रयोजन नाही. तेथील थोरले महाराज वयोवृद्ध, थोडे बोलणारे, आणि दर्यावर त्यांचे मन फार. एके दिवशी बातमीदार धापा टाकीत आला आणि म्हणो लागला की, उत्तरेच्या शेजाऱ्याने सपाट पाठीचे जहाज बांधिले, त्याचे पाठीवरून विमाने उडतात आणि फिरोन पाठीवरच येऊन बसतात, आणि आता तो आपले बंदरावर आल्यावाचून राहत नाही. मग महाराजांनी सदर भरविली, आणि सदरेस आरमाराचे वृद्ध सरखेल दमाजीराव आले, आणि अमात्य त्रिंबकपंत आले, आणि गोदीत जहाजांचे आराखडे काढणारे मुख्य, रायाजी, तेही आले. महाराज बोलिले, "उत्तरेचे मैदान पाण्यावर चालते. आमचे का चालत नाही?" सरखेल म्हणाले, "महाराज, विमान म्हणजे पतंग. पतंगासाठी कोणी जहाज बांधते काय?" महाराज बोलिले, "पतंगाचा मांजा मानेस लागला की कळते. बांधा." आणि सदर उठली.

मग रायाजींनी कागद पसरिला. त्यांचे मनात एक काटा होता, तो सांगितला पाहिजे. आईबाप लवकर गेले आणि धाकटा भाऊ सुभानजी यास रायाजींनीच हाताखाली वाढविले, आणि तो सुभानजी मोठा होऊन राज्यातील पहिला विमानी जाहला, आणि नव्या तारवावर पहिल्याने उतरावे तेही त्यानेच, ऐसा हुकूम सदरेतच जाहला होता. म्हणोन रायाजी जी रेघ ओढीत, तीवर त्यांस भावाची मान दिसे. त्यात राज्याराज्यांच्या तहाने अशा तारवाचे वजन बांधून दिले होते, ते थोडके. म्हणोन पाठ आखूड करावी लागली, आणि पाठ आखूड म्हणोन विमान हलके पाहिजे, आणि विमान हलके पाहिजे म्हणोन त्यात तेल येण्यापुरतेच घालावे, ऐसे रायाजींनी आपले हातांनी लिहून दिले. पहिल्या आराखड्यात धुराडे मध्ये आले, तेव्हा विमानी धुरात आंधळा होईल म्हणोन त्यांनी ते वाकवून उजव्या कुशीतून बाहेर काढिले. सरखेलांनी पाहिले आणि म्हणाले, "हे जहाज की कुशीवर निजून हुक्का ओढणारा सावकार?" दुसऱ्या आराखड्यात सरखेलांनी पुढे थोर तोफा मागितल्या. रायाजी म्हणाले, "एक तोफ चढली की चार विमाने खाली उतरतात, सरखेल." "उतरू देत. तोफ कोठे उडून तर जात नाही." महाराजांनी तोफा खोडिल्या, आणि सरखेल मिशीत पुटपुटत राहिले.

तिसरा आराखडा सांगोपांग जाहला, आणि सरखेलांनी तो पाहून गुंडाळून ठेविला. म्हणाले, "डोलकाठी कोठे?" रायाजींनी धुराड्याशेजारी कडेस एक बारीक काठी दाखविली. सरखेल म्हणाले, "तीवर धोतर वाळत घाला." कारण त्या राज्याची चाल ऐसी होती की, तारवाची डोलकाठी तारवाचे कण्यावर, बरोबर मध्ये उभी राहावी, आणि तिचे बुडाखाली राजधानीची मूठभर माती महाराजांनी आपले हाताने घालावी, आणि मग तारू हे तारू नव्हे, राज्याचा तुकडा जाहले. माती नसलेल्या जहाजावर खलाशी पाय ठेवीत नसत. सरखेलांनी मागाहून गोदीत सर्वांस विचारिले आणि एकाही खलाशाने होय म्हटले नाही. आता मध्ये डोलकाठी ठेवावी तर सुभानजी येऊन तीवर आदळतो, आणि न ठेवावी तर जहाज गोदीतच गंजते. रायाजींचे अन्न तुटले. मग एके दिवशी गाडी यावयाची म्हणोन ते रेल्वेच्या फाटकापाशी खोळंबले, आणि फाटकाचा दांडा खाली आला आणि गाडी गेल्यावर वर उठला, आणि रायाजी तेथेच उभे राहून हसो लागले, तेव्हा मागे खोळंबलेला बैलगाडीवान म्हणाला, "साहेब, वाट मोकळी आहे, जावा की." मग त्यांनी बिजागरीची डोलकाठी काढिली. विमान आले की खटका ओढावा, काठी पाठीवरील खाचेत निजावी, आणि विमान उतरले की उठावी. लाकडाचा लहान नमुना सरखेलांपुढे ठेविला. त्यांनी तो पाडिला आणि उठविला, पुन्हा पाडिला आणि उठविला, आणि म्हणाले, "पडते, पण उठते. मर्द आहे." आणि शिक्का मारिला. येथेच चूक जाहली. आराखड्यावर डोलकाठी काढितात, ध्वज कोणी काढीत नाही. सर्वांनी लाकूड पाहिले, लोखंड पाहिले, आणि कापड कोणीच पाहिले नाही.

मग तारू सिद्ध जाहले. महाराजांनी माती घातली, आणि गरुडास बसावयास पाट म्हणोन त्याचे नाव गगनपाट ठेविले, आणि एके सकाळी वारा चांगला पाहोन ते खोल समुद्रात नेले. डाव्या कडेस महाराजांचे आसन मांडिले होते. त्यांनी आपले हाताने ध्वज चढविला, सर्वांनी मुजरे केले, आणि विमान सोडावे ऐसा बिनतारी संदेश तीरावर गेला. काही वेळाने आभाळात बगळ्याएवढे काही दिसो लागले, आणि रायाजींनी खटक्यावरील तांडेलास खूण केली, "पाड काठी." तांडेलाने खटक्यास हात घातला आणि वर पाहिले आणि तो तसाच राहिला. म्हणाला, "साहेब, वर ध्वज आहे." "मग?" "तो कसा पाडू? महाराज तर समोर बसले आहेत." तेव्हा सर्वांनी वर पाहिले, आणि तांडेलाचा हात का अडला ते कळले. कारण राज्याचा कायदा पोरासोरांसही पाठ होता: ध्वज खाली येईल तो महाराज कैलासवासी जाहले तर, अथवा राज्य बुडाले तर, आणि अन्य कारणे जो उतरवील त्याचे मस्तक मारावे.

सरखेल पुढे आले आणि म्हणाले, "तांडेल, हात काढ." मग रायाजींकडे वळले. "तुम्ही मला डोलकाठी दाखविली. ध्वज पडेल हे कोठे दाखविले होते?" रायाजी म्हणाले, "आराखड्यावर ध्वज काढीत नाहीत, सरखेल." "म्हणजे राज्य सोडोन सर्व काढिले." त्रिंबकपंत मध्ये पडिले, "कडेस दुसरी काठी बांधावी, तीवर दुसरा ध्वज चढवावा, आणि हा उतरवावा." सरखेल म्हणाले, "एका तारवावर दोन ध्वज, यास फितूर म्हणतात, पंत. कलम तुमच्याच दफ्तरी आहे." पंत म्हणाले, "ते वडिलांनी लिहिले. मी नक्कल केली." इतक्यात विमान अगदी खाली आले, आणि पुढे उभी काठी पाहोन सुभानजीने ते वर खेचिले, ऐसे की पागोट्यांचे शेमले उडाले, आणि तो वळसा घेऊन पुन्हा मागे गेला. रायाजींस ठाऊक होते की तीरावर परत जाण्याइतके तेल त्यात नाही. ते त्यांनीच घालू दिले नव्हते. पाण्यात उतरावे तर चाके लाटेत अडकतात आणि विमान पालथे पडते, आणि पट्ट्याने बांधलेला माणूस आतच राहतो. दुसऱ्या वळशास विमानाचा आवाज तुटो लागला, खोकल्यासारखा.

मग रायाजी खटक्यापाशी गेले आणि म्हणाले, "तांडेल, बाजूस हो. मस्तक माझे जाईल." सरखेलांनी तलवार उपसून त्यांचे मनगटावर ठेविली. "मस्तक मागाहून. आधी हात." "उजवा तोडा. डाव्याने ओढीन." सरखेल हळू म्हणाले, "मला तुमचा भाऊ नको आहे, ऐसे समजता काय? त्यास पहिल्याने जहाजावर मीच चढविला. उलटी केली तेव्हा तोंड मीच पुसिले. परंतु आज त्याचेसाठी ध्वज पडला तर उद्या भयासाठी पडेल, आणि परवा कोणी कारणही विचारणार नाही." रायाजींनी हात काढिला नाही, आणि तलवारीखाली रक्ताची बारीक रेघ आली.

तेव्हा महाराजांनी विचारिले, "दमाजी, ध्वज उतरतो तो कधी?" "महाराज गेले म्हणजे." "आणि चढतो?" "नवे महाराज बसले म्हणजे." महाराज आसनावरून उठिले, डोईचे पागोटे तुऱ्यासकट काढून आसनावर ठेविले, आणि उघड्या डोईने बाजूस जाऊन उभे राहिले. म्हणाले, "तर आम्ही गेलो." कोणी हलेना. महाराज बोलिले, "मेलेला राजा दोनदा आज्ञा करीत नाही, दमाजी." मग सरखेलांनी तलवार म्यान केली आणि आपले पागोटे काढिले, ते पाहोन सर्वांनी काढिले, आणि सरखेलांचे डोळ्यांस खरेच पाणी आले, कारण त्या म्हाताऱ्यास जन्मात काही खोटे करिता आले नव्हते. त्यांनी रायाजींचा हात बाजूस केला आणि खटका आपण ओढिला.

काठी पडो लागली, पण सावकाश. पाठीस धक्का बसू नये म्हणोन रायाजींनीच तिचे बुडाशी तेलाचा दट्ट्या बसविला होता, आणि आता ती म्हातारा पाटावर बसावा तैसी खाली येत होती. मागून विमान येत होते, आणि त्याचा आवाज आता नव्हताच. तेल सरले होते, आणि नुसता वारा पंखांतून वाजत होता. काठी डोक्याइतकी राहिली, मग कमरेइतकी, आणि रायाजी तिचेकडे ऐसे पाहो लागले की जणू डोळ्यांनीच दाबितात. ती खाचेत निजली आणि ध्वज फळ्यांवर पसरला आणि चाके त्याचे अंगावरून न जाता वीतभर बाजूने गेली, आणि विमानाचे शेपटीचा आकडा आडव्या दोरात अडकला, दोर ताणला, आणि विमान पुढल्या कडेस जाऊन उभे राहिले. पुढे पाणीच होते. सुभानजी खाली उतरला. त्याने पाहिले तो सर्व मंडळी बोडक्या डोईने उभी आणि सरखेल डोळे पुशीत आहेत. त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "दादा, कोण गेले?" रायाजी म्हणाले, "कोणी नाही. तू आलास."

मग पंतांनी शंका काढिली की ध्वज नव्या महाराजांनी चढवावा आणि युवराज तर तीरावर. महाराजांनी विचारिले, "आसनावर मध्यंतरी कोणी बसले काय?" मंडळी म्हणाली, "कोणी नाही." "मग आम्हीच बसतो," म्हणोन त्यांनी पागोटे घातले, पंतांनी समुद्राचे पाणी शिंपडिले, आणि राज्याभिषेक जाहला. इकडे तीरावरील किल्लेदाराने दुर्बिणीतून ध्वज पडता पाहिला आणि सुतकाच्या तोफा सोडिल्या, बाजार बंद जाहले, आणि न्हावी बोलावून युवराजांनी डोई भादरिली. सायंकाळी महाराज वाड्यात आले तेव्हा अर्धा दरबार बोडका होता, आणि राणीसाहेब इतकेच म्हणाल्या, "जायचे होते तर सांगून जावे."

पुढे रायाजींनी डोलकाठी कडेस नेण्याचा नवा आराखडा केला, आणि या वेळी त्यावर ध्वजही काढिला. परंतु खुद्द महाराजांनी तो परत दिला. म्हणाले, "मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढते. तुमच्या भावाचे विमान येते आणि आम्हास बरे वाटते." मग कायदा वाकविला: विमान येईल तेव्हा महाराज तेवढ्यापुरते नाहीत, आणि विमान उतरले की आहेत. विमाने वाढली, दररोज ध्वज पडे आणि दररोज चढे, आणि लोकांस सवय जाहली. उत्तरेच्या शेजाऱ्यास त्याच्या बातमीदारांनी लिहिले की, येथे राजा रोज मरतो आणि राज्य चालतेच. तेव्हा मारावयाचे कोणास हे त्यास कळेना, आणि तो आला नाही. फक्त दमाजीराव जिवंत होते तोवर, प्रत्येक वेळी ध्वज पडता पागोटे काढीत. खलाशी हसत. ते काढीतच.

मग दमाजीराव गेले, आणि बहुत वर्षांनी एके सकाळी रायाजी गोदीच्या धक्क्यावर बसले होते. आता त्यांचे डोळ्यांस लांबचे नीट दिसत नसे. शेजारी सुभानजी उभा होता, तो आता सर्व विमानींचा मुख्य. बंदराचे तोंडाशी गगनपाट उभे होते, आणि त्याची काठी सावकाश खाली येऊ लागली. तारवावरील खलाशांनी पाठ मोकळी केली, दोर ताणिले आणि सगळे आभाळाकडे पाहो लागले, आणि धक्क्यावरील लोकही आभाळाकडे पाहो लागले, आणि बाजारातील कोळणी हाताने उन्हाची तिरीप अडवून वर पाहो लागल्या. रायाजींनी विचारिले, "सुभाना, वर कोण आहे रे?" सुभानजीने आभाळ न्याहाळिले, आणि पडती काठी पाहिली. मग म्हणाला, "कोणी नाही, दादा. आज सारी विमाने खाली आहेत." रायाजींनी पागोटे काढून मांडीवर ठेविले. लोक बहुत वेळ वर पाहत होते.

येणेप्रमाणे गगनपाट तारवाच्या डोलकाठीची हकीकत. ती दररोज पडली आणि उठली, म्हणोन एक भाऊ जगला आणि एक राज्य तरले. शेवटी पडली ती युवराजांनी उठविली. ऐकिले आणि पाहिले तितके लिहिले, वाचणाराने उणेअधिक पदरात घ्यावे, आणि ध्वज खाली दिसला तर आधी पागोट्यास हात लावावा, आभाळ मागाहून पाहावे.