लुगड्यातली बाई

रंगनाथभाऊंच्या घरी तांदळाचा डबा होता, पण भात क्वचितच व्हायचा. कारण त्या डब्यात त्यांची कॅमेऱ्याची लेन्स झोपायची. पावसाळ्यात काचेला बुरशी धरते आणि तांदूळ ओल शोषून घेतात, असं त्यांचं शास्त्र. जावई आले तरी त्या डब्याला हात लावायची कुणाला मुभा नव्हती. वहिनी म्हणायच्या, "मला ताप आला तर हे विचारीत न्हाईत. तिला सर्दी झाली का ह्यांचा जीव वरखाली व्हतो."

भाऊ आमचे शेजारी. तीर्थपुरीत बसस्टँडसमोर त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि मी तिथल्याच शाळेत इंग्रजी शिकवायचो. पासपोर्ट फोटो आणि लग्नं, एवढ्यावर त्यांचा संसार चालायचा. तरी त्यांनी कुठूनशी ही जुनी, मांडीएवढी जाड लेन्स पैदा केली होती. गाव तिला नळकांडं म्हणायचं. भाऊ मात्र आदराने "बाई" म्हणत. "बाईला ऊन लागून राह्यलं, सरका जरा," असं ते खुशाल गिऱ्हाइकाला सुनवत. एवढ्या लांबून काय टिपता, असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "पाखरं." स्टुडिओत पाखराचा एकही फोटो कुणी पाहिला नव्हता, पण हौसेला मोल नाही म्हणून आम्ही सोडून द्यायचो.

तांदळाची राखण असूनही एका पावसाळ्यात बाईला बुरशी धरलीच. भाऊ मला सोबत घेऊन मुंबईला निघाले. माझं इंग्रजी त्यांना उगाचच दांडगं वाटायचं. तिथल्या कारागिराने काच साफ करून दिली आणि बजावलं, "हादरा बसला तर काच जागची हलेल. मग माझ्याकडे आणू नका." झालं. भाऊंनी औरंगाबादच्या विमानाची दोन तिकिटं काढली. जाताना यष्टी आणि येताना विमान, हा काय न्याय, म्हणून मी विचारलं.

"जाताना आजारीच व्हती, गुरुजी. आता बरी झाली. बऱ्या माणसाचे कशाला हाल?"

विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने पिशवी तोलली. हातातल्या सामानाच्या मापात ती काही बसेना. ही खाली, मोठ्या सामानात जाईल, असं तिने सांगितल्यावर भाऊंचा चेहरा उतरला. त्यांनी आपली खास हिंदी बाहेर काढली.

"मॅडम, बाई को नीचे नै डालते. बाई बीमार थी, अब्बी दवाखाना करके लाया."

"बाई कहाँ हैं?" तिने काळजीने विचारलं.

"ये क्या, पिशवी में."

यापुढचं सगळं माझ्या इंग्रजीच्या आवाक्याबाहेर गेलं. दोन शिपाई आणि एक साहेब आले. पिशवीची चेन उघडली तर आत वहिनींचं जुनं लुगडं. शिपाई ते उलगडू लागला. नऊवारी लुगडं ते, संपता संपेना. आमच्या मागची रांग माना उंच करून बाई निघायची वाट पाहत होती. शेवटी लेन्स निघाली तेव्हा बऱ्याच जणांची निराशा झाली.

साहेब हसला नाही. "इतनी बड़ी? इससे क्या खींचते हो?"

मी "बर्ड्स" म्हणायला तोंड उघडलं होतं. पण भाऊ घामाघूम झाले होते, त्यांना खोटं बोलायचं सुचलं नसावं. ते म्हणाले, "बुढ्ढ्या खींचता, साब. म्हाताऱ्या."

त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून एक पाकीट काढून साहेबापुढे धरलं. बाजारात मिरच्या निवडणाऱ्या, ओट्यावर मिश्री लावणाऱ्या, बोळक्या तोंडाने हसणाऱ्या म्हाताऱ्याच म्हाताऱ्या. एकीचीही नजर कॅमेऱ्याकडे नव्हती. भाऊ सांगत गेले आणि मी हिंदी करत गेलो. आमच्याकडच्या म्हाताऱ्या फोटो काढू देत नाहीत. फोटोने आयुष्य घटतं म्हणतात. मेल्यावर मात्र घरचे भाऊंना बोलावून नेतात आणि म्हातारीला भिंतीला टेकवून बसवतात, एक तरी फोटो असावा म्हणून.

"मिटल्या डोळ्यांचा फोटू भिंतीला लावायचा? बरं दिसतं का, साब? मंग मी जित्यापणीच लांबून काढून ठिवतो. ती गेली का घरच्यांला देतो. एक माझ्यापाशी ठिवतो. ह्या बाईला काही झालं तर दुसरी मिळणं न्हाई मला."

त्या फोटोंत माझी काकू होती. ती गेली तेव्हा तेराव्याला तिचा हसरा फोटो पाटावर ठेवला होता आणि तो आला कुठून हे मी कुणाला विचारलंही नव्हतं. याच माणसाच्या नळकांड्यावर मी शाळेत विनोद करून हशा मिळवायचो. मला माझी लाज वाटली.

साहेबाने फोटो परत दिले. लेन्स स्वतःच्या हाताने लुगड्यात गुंडाळली, आम्ही गुंडाळली होती त्यापेक्षा नीट, आणि काउंटरवर जाऊन काहीतरी बोलला. बाई आमच्याबरोबर वर आली. विमानात भाऊंनी तिला पुढच्या सीटखाली ठेवलं आणि दोन्ही पायांनी धरून बसले.

विमान ढगांत शिरल्यावर मी विचारलं, "भाऊ, यात तुमच्या आईचा कोणता?"

"न्हाई त्यात."

"काढू दिला नाही?"

"कुठला. मला बघितलं का तोंडावर पदर घ्यायची. म्हणायची, त्या डबीत माझा जीव नको कोंडू."

"आणि गेल्यावर?"

"भावानं बसवलं व्हतं तिला भिंतीशी. मी क्यामेरा लावला बी. पण माझ्याच्यानं बटन दाबणं झालं न्हाई."

त्यांनी वाकून पायांतली पिशवी चाचपली. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "तवा ही नव्हती ना माझ्याकडं, गुरुजी. साधा क्यामेरा व्हता. त्याला लई जवळ जावं लागायचं."